नागपूरच्या विमानतळाचीं दोन नांवें



आमचें घर हुडकेश्वरला आहे. कालपरवापर्यंत हें नागपूरच्या दक्षिणेकडील एक निराळें खेडें होतें. आतां शहरानें त्याला पोटांत घेतलें आहे. सायंकाळीं गच्चीवर बसलें म्हणजे सोनेगांवच्या विमानतळाकडे उतरणारीं विमानें दिसतात आणि त्यांचे दिवे मोजण्याचा छंद माझ्या नातवाला जडला आहे. त्याच्या मोबाईलवर आकाशांतील विमानांचा एक हलता नकाशा उमटतो. एके दिवशीं तो नकाशा मजपुढें धरून त्यानें विचारलें, "आजोबा, तिकिटावर आपल्या एअरपोर्टचं नांव एन्. ए. जी. असतं, मग इथं व्ही. ए. एन्. पी. काहून लिहिलं?"

मास्तरकीच्या जुन्या सवयीनें मीं ताबडतोब सांगून टाकलें कीं, एक लघुरूप असेल आणि दुसरें पूर्ण. उत्तर साफ चुकीचें होतें. अडतीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसानें ठाऊक नसलेल्या गोष्टीचें उत्तर असें ठोकून द्यावें, हें लाजिरवाणें खरेंच. त्या लाजेपोटीं पुढें जें वाचलें आणि जाणत्यांना विचारलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

एकाच ठिकाणाला अनेक खुणा असणें ही गोष्ट आपल्याला नवी नाहीं. केवळ आपलें तिकडे लक्ष नसतें. नागपूरचेंच पाहा. टपालखात्याला नागपूर शहर म्हणजे ४४० या अंकानें सुरू होणारा पत्ता. रेल्वेला तें एन्. जी. पी. दूरध्वनीवाल्यांना ०७१२. मोटारींची नोंद ठेवणारास एम्. एच्. ३१, आणि शहराच्या पूर्व भागासाठीं ४९. मला स्वतःला घरीं नाना म्हणतात, शाळेंत गुरुजी म्हणत, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर मी नुसता एक क्रमांक आहें. ज्याला ज्या कामासाठीं आपली गरज, तो त्या कामास सोयीचें नांव ठेवतो. विमानतळांचेंही मूळ कारण एवढेंच आहे. पण तीं दोन कामें कोणतीं आणि तीं एकमेकांपासून वेगळीं कशीं पडलीं, हा खरा इतिहास.

आरंभीं असल्या खुणांची कोणालाच गरज नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपालाच्या पिशव्या घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बल्लारीमार्गें मद्रासकडे नेलें. मोजकीं मैदानें, मोजकींच विमानें आणि एकमेकांना चेहऱ्यानें ओळखणारीं माणसें. तेथें सांकेतिक अक्षरें कशाला हवींत? रेल्वेची गोष्ट निराळी होती. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली, तेव्हां रुळांच्या बाजूनें तारायंत्राची तारही आली. तारमास्तराला प्रत्येक वेळीं गांवाचें संपूर्ण नांव टकटक करीत बसणें परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून स्थानकांना दोन, तीन, चार अक्षरांचीं आटोपशीर नांवें मिळालीं. नागपूरला तीन अक्षरें, तर शेजारच्या अजनीला ए. जे. एन्. आय. अशीं चार. अक्षरांची काटकसर ही मूळचीच तारेची शिकवण आहे, आणि विमानांनीं ती तारेपासूनच उचलली.

आतां नागपूरकडे वळतों, कारण हा विषय समजण्यास आमच्या सोनेगांवासारखें दुसरें ठिकाण नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदळाचा येथें मुक्कामाचा तळ होता. स्वातंत्र्यानंतर लौकरच, रफी अहमद किडवाई हे दळणवळण मंत्री असतांना, १९४९ च्या जानेवारींत येथें रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून दररोज रात्रीं एकेक विमान निघावयाचें. चारही विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र यावयाचीं. येथें पिशव्यांची अदलाबदल व्हावयाची: मुंबईच्या विमानांतील कलकत्त्याचें टपाल कलकत्त्याच्या विमानांत, मद्रासचें दिल्लीच्या विमानांत, आणि उजाडण्याच्या सुमारास ज्याचें तें विमान ज्याच्या त्या गांवीं परत. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून देशांतील साधीं पत्रें जादा आकार न घेतां विमानानें नेण्यास प्रारंभ झाला. सायंकाळीं मुंबईच्या पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वांटलें जाई. नागपूर हें देशाच्या मध्याशीं आहे, हें आमच्या शून्य मैलाच्या दगडावरून आम्ही पाहुण्यांना अभिमानानें सांगतों. त्या भूगोलाचा रोजच्या व्यवहारांत इतका रोकडा उपयोग मात्र त्या योजनेनेंच करून घेतला.

माझ्या लहानपणीं ही सेवा चालू होती. आमच्या जुन्या घरीं उन्हाळ्यांत अंगणांत बाजा टाकून निजत असूं. मध्यरात्रीं एकामागून एक घरघर ऐकूं येई, आणि वडील अर्धवट झोपेंत म्हणत, "हं, मद्रास आली." तें विमान मद्रासचें कीं दिल्लीचें, हें त्यांना कसें कळे, देव जाणे, कदाचित् त्यांनाही माझ्यासारखीच उत्तर ठोकून देण्याची संवय असावी.

परंतु ह्या मध्यरात्रीच्या भेटींत दोन प्रकारचीं कामें एकाच वेळीं चालत, आणि आपल्या विषयाची किल्ली तेथेंच आहे. जमिनीवर पिशव्या उचलणाऱ्या माणसाला एवढेंच कळावयास हवें कीं ही पिशवी कोणत्या गांवची. आकाशांत असलेल्या वैमानिकाला मात्र गांवाशीं कर्तव्य नाहीं. धांवपट्टी मोकळी आहे काय, वारा कोणीकडून आहे, ढग किती खालीं आहेत आणि उतरतां न आल्यास जवळ दुसरा तळ कोणता, हें त्याला हवें. पिशवी चुकली तर एक दिवस उशीर होतो. दुसरें चुकलें तर काय होतें, हें नागपूरनें पाहिलें आहे. १२ डिसेंबर १९५३ रोजीं रात्रीच्या टपालाचें एक डकोटा विमान सोनेगांवहून उडाल्यावर थोड्याच वेळांत कोसळलें आणि आंतील तेरा माणसें मरण पावलीं. केवळ वैमानिक वांचला. तो अपघात सांकेतिक अक्षरांच्या घोटाळ्यानें झाला असें मुळींच नाहीं. मला एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, हवेंतील कामाची जोखीम आणि जमिनीवरील कामाची जोखीम ह्या एका तागडींत घालतां येत नाहींत. रात्रीची ही टपालसेवा १९७३ च्या ऑक्टोबरांत बंद झाली.

आतां त्या तीन अक्षरांकडे येऊं. त्यांचा जन्म अमेरिकेंतला. तेथील हवामानखात्यानें आपल्या केंद्रांना दोन-दोन अक्षरें दिलीं होतीं. तीं आयतीं हाताशीं असल्यामुळें विमानकंपन्यांनीं तींच वापरण्यास घेतलीं. विमानतळ वाढत गेले तसतशीं दोन अक्षरें अपुरीं पडूं लागलीं, म्हणून तिसरें जोडलें. ज्या गांवांना जुनीं दोन अक्षरें सोडवत नव्हतीं, त्यांनीं शेवटीं नुसता एक्स चिकटविला. लॉस एंजलिसच्या नांवांत एक्स कोठून आला, याचें उत्तर हें आहे. त्यांत कांहीं गूढ नाहीं. पुढें १९४५ च्या एप्रिलमध्यें हवाना येथें विमानकंपन्यांचा एक जागतिक संघ स्थापन झाला. त्यास आयाटा म्हणतात. हीं तीन अक्षरें सांभाळण्याचें काम आज ह्या संघाकडे आहे.

संघ कंपन्यांचा, म्हणून अक्षरेंही कंपन्यांच्या कामाचीं: तिकीट, भाडें, सामानाची चिठ्ठी, मालाची पावती. एका कंपनीनें तिकीट विकावें आणि अर्ध्या वाटेपासून दुसरीनें उतारू न्यावा, तर पैशाची वांटणी कोठपासून कोठपर्यंत, हें ह्या अक्षरांवरून ठरतें. यामुळें विमानतळ नसलेल्या जागांनाही तीं मिळतात. युरोपांत कांहीं रेल्वे स्थानकांनाही अशीं अक्षरें आहेत, कारण तेथें विमान आणि आगगाडी यांचें एकच तिकीट निघतें. तीन अक्षरांच्या जुळण्या होतात एकंदर १७,५७६. संख्या मोठी दिसते, पण सगळ्या जगाला पुरवावयाची म्हटल्यावर चांगलीं चांगलीं नांवें भराभर संपलीं. नागपूरला एन्. ए. जी. आणि मुंबईला बी. ओ. एम्. मिळालें, हें त्यांचें भाग्य. औरंगाबादला, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराला, आय. एक्स्. यू. मिळालें, बेळगांवला आय. एक्स्. जी.; चंदीगडला आय. एक्स्. सी. आय. एक्स्. ह्या आडनांवाचीं कितीतरी भावंडें आपल्या देशांत आहेत. त्या अक्षरांत गांवाचा मागमूस बहुधा नसतोच.

येथें माझीच एक फजिती सांगतों. माझी धाकटी बहीण मडगांवला असते. तिच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती आणि तिला आंत नेण्यापूर्वीं एकदां डोळ्यांनीं पाहावें, अशी माझी इच्छा. मुलानें घाईनें तिकीट काढून दिलें. त्यावर ठळक अक्षरांत गोवा असें होतें. मला तेवढें पुरे झालें. पुढचीं तीन लहान अक्षरें मीं पाहिलीं नाहींत. जुन्या दाबोळी विमानतळाचीं अक्षरें जी. ओ. आय., आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपा विमानतळाचीं जी. ओ. एक्स्. भाचा दाबोळीच्या दारांत उभा, आणि मी गोव्याच्या पार उत्तर टोकाला मोपास उतरून त्याला हांका मारतों आहें. गाडी करून मडगांव गांठीपर्यंत तिला आंत नेलेलें होतें. चार तास बाहेरच्या बांकावर बसून काढले. त्या चार तासांत मीं त्या एका एक्स्-कडे जितक्या वेळां पाहिलें, तितकें शाळेंतल्या बीजगणितांतही पाहिलें नसेल. ती शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "दादा, कुठं उतरला होतास रे?" भाच्यानें तिला आधींच सांगितलें होतें. शस्त्रक्रिया चांगली झाली, म्हणून आज हें हंसत सांगतां येतें.

मात्र ह्या चुकीची एक बाजू लक्षांत घेण्यासारखी आहे. चूक उतारूची होती. विमान चुकलें नव्हतें. वैमानिकाच्या कागदावर जी. ओ. एक्स्. ह्या अक्षरांना स्थानच नसतें. त्याचा संकेत वेगळा, चार अक्षरांचा, आणि तो ठरविणारेही वेगळे.

७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें अनेक राष्ट्रांनीं नागरी विमानवाहतुकीचा करार केला, आणि त्यांतून ४ एप्रिल १९४७ रोजीं जी संस्था अस्तित्वांत आली, तिला इकाओ म्हणतात. ही संस्था कंपन्यांची नव्हे, सरकारांची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कुटुंबांतली. गंमत अशी कीं आयाटा आणि इकाओ या दोहोंचीं मुख्य कार्यालयें कॅनडांतील माँट्रिअल या एकाच शहरांत आहेत, तरी दोघांच्या वह्या निराळ्या. सरकारांच्या वहींत उतारूचें तिकीट नसतें. त्यांत उड्डाणाचा आराखडा, हवेचे अहवाल, वैमानिकांस द्यावयाच्या सूचना आणि एका नियंत्रण केंद्राकडून दुसऱ्याकडे जाणारे संदेश असतात.

हे संदेश पूर्वीं दूरमुद्रक यंत्रांवरून जात. संदेश जगाच्या एका टोकाहून निघे, आणि मधल्या प्रत्येक केंद्रानें तो पुढें ढकलावयाचा. मधल्या माणसाला नागपूर कोठें आहे हें ठाऊक असेलच असें नाहीं. ठाऊक नसतांही त्याला तो योग्य दिशेस ढकलतां आला पाहिजे. म्हणून चार अक्षरें अशीं रचलीं कीं तीं वाचीत गेलें म्हणजे जागा जवळ जवळ येत जाते. व्ही. ए. एन्. पी. यांतील व्ही. म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियाचा मोठा विभाग. ए. म्हणजे त्यांतील मुंबईच्या अखत्यारींतलें आकाश. शेवटचीं एन्. आणि पी. हीं नागपूरचीं स्वतःचीं. याच नियमानें मुंबई व्ही. ए. बी. बी., पुणें व्ही. ए. पी. ओ., आणि ओझर येथील नाशिकचा तळ व्ही. ए. ओ. झेड्. दिल्लीकडील ठिकाणांना दुसरें अक्षर आय., कलकत्त्याकडील ठिकाणांना ई., मद्रासकडील ठिकाणांना ओ. ह्या चार अक्षरांपुढें आणखी चार जोडलीं कीं त्या तळावरील नेमकी कचेरीही सांगतां येते. मनोऱ्यावरील नियंत्रकाला पाठवावयाचें कीं हवामानवाल्याला, हें त्यावरून कळतें. दूरमुद्रक गेले, संगणक आले, पण अक्षरांची रचना तीच राहिली.

आपल्या टपालाच्या पिनक्रमांकाची आठवण आपणांस झाली असेल. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला आणि त्याची आंखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं; आपलेच मराठी गृहस्थ, टपाल व तार खात्यांतले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृताचे नामवंत पंडित. त्यांतही पहिल्या अंकावरून मोठा विभाग, दुसऱ्यावरून उपविभाग, तिसऱ्यावरून वांटणीचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींवरून टपालकचेरी कळते. कल्पना तीच. थोडक्यांत, एन्. ए. जी. हें नागपूरच्या विमानतळाचें नांव आहे आणि व्ही. ए. एन्. पी. हा त्याचा पत्ता आहे. नातवाला मीं पहिल्यांदा दिलेलें उत्तर चुकलें तें येथें. लघुरूप आणि पूर्णरूप असा हा प्रकारच नव्हे.

पत्त्याला नांवाप्रमाणें भावना नसतात. बेळगांवची भाषा कोणती, यावर आपल्याकडे किती पिढ्या वाद झाला! आकाशाच्या वहींत त्याचा पत्ता व्ही. ओ. अक्षरांनीं सुरू होतो, म्हणजे तें दक्षिणेच्या गटांत मोडतें, दाबोळीही तेथेंच. भाषेचा वाद त्या अक्षरांच्या गांवींही नाहीं. आणखी एक मौज सांगतों. आपल्या विमानांच्या अंगावर व्ही. टी. हीं अक्षरें रंगविलेलीं असतात, तीं देशाच्या नोंदणीचीं. तीं पाहून एखाद्यास वाटेल कीं नागपूरच्या पत्त्यांतलें व्ही. त्याच व्ही.चें सख्खें भावंड असावें. तसें नाहीं. विमानतळांच्या वहींत व्ही. टी. नें सुरू होणारे पत्ते थायलंडचे आहेत. शिवाय क्यू अक्षरानें सुरू होणारा पत्ता त्या वहींत एकही नाहीं, कारण बिनतारी संदेशांत क्यूनें आरंभ होणारे ठराविक संकेत पूर्वींपासून चालत आले होते, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊं द्यावयाचा नव्हता.

ज्या जागेला एकाच वहींत काम आहे, तिला दुसऱ्या वहीची फारशी गरज राहत नाहीं. टाटा जेथें उतरले त्या जुहूवरून आज उतारूंच्या नियमित विमानसेवा निघत नाहींत. तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरें उडतात. तिकिटांच्या जगाला जुहूशीं कर्तव्य उरलें नाहीं. पण आकाशाच्या नियंत्रकाला उरलें आहे. म्हणून व्ही. ए. जे. जे. हा त्याचा पत्ता कायम आहे.

कोणी विचारील कीं, दोन्ही वह्या एक करून सगळीकडे चार अक्षरें कां वापरूं नयेत? चार अक्षरांच्या जुळण्या साडेचार लाखांवर होतात, जागेची अडचण नाहीं. पण तिकीट काढणाऱ्या गृहिणीला व्ही. ए. बी. बी. म्हणजे मुंबई हें पाठ करावयास लावणें हा जुलूमच होईल. उलट, नियंत्रकाला नुसतें बी. ओ. एम्. देऊन संदेश कोणत्या दिशेस न्यावयाचा तें कळणार नाहीं. शिवाय एकदां रुळलेलीं अक्षरें बदलणें सोपें नसतें. १९९५ सालीं बाँबेचें अधिकृत नांव मुंबई झालें. रेल्वेनें आपल्या बोरीबंदरच्या स्थानकाचीं अक्षरें व्ही. टी. वरून बदलीत बदलीत सी. एस्. एम्. टी. पर्यंत आणलीं. विमानकंपन्यांचें बी. ओ. एम्. मात्र जसेंच्या तसें आहे. रेल्वेचीं अक्षरें देशांतल्या देशांत चालतात. तींच विमानाचीं असतीं तर ती दुरुस्ती साऱ्या जगाच्या तिकीटघरांत, सामानाच्या पट्ट्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांत एकाच वेळीं करावी लागली असती. २००५ सालीं आमच्या सोनेगांव विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव दिलें गेलें. ज्या शहरांत बाबासाहेबांनीं १९५६ सालीं धम्मदीक्षा घेतली, त्या शहराच्या दारावर त्यांचें नांव असावें, हें उचितच झालें. तें नांव दारावर आहे, आणि मागच्या दोन वह्यांत एन्. ए. जी. आणि व्ही. ए. एन्. पी. पूर्वींप्रमाणेंच आहेत. तिघांनाही एकमेकांची अडचण होत नाहीं.

हें सगळें मीं नातवाला गच्चीवर बसून सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें. मग वर पाहत विचारलें, "आजोबा, मग पायलट आपल्या हुडकेश्वरला काय म्हणतो?"

या वेळीं मीं घाई केली नाहीं. दोन्ही वह्या मनांत चाळल्या आणि सांगितलें, "कांहीं म्हणत नाहीं, बाळ. आपल्याला फक्त पोस्टमन ओळखतो. चार, चार, शून्य, शून्य, तीन, चार."